फुटाणीच्या रक्तातली चोरी

१

फुटाणीच्या रक्तातलं औषध चोरीला गेलं होतं.

हे वाक्य माझं नाही. डॉक्टर सरिता मेश्राम यांचं आहे, आणि त्या गंमत करत नव्हत्या. पुलगावातल्या त्यांच्या जनावरांच्या दवाखान्यात टेबलावर फुटाणी बसली होती. तिच्या एका बाजूला कोकिळाकाकू, दुसऱ्या बाजूला काकूंचा मुलगा प्रफुल्लदादा, आणि शेपटीकडे मी.

"नागपूरहून रक्ताचा रिपोर्ट आला," डॉक्टर म्हणाल्या. "हिच्या अंगात औषध जेवढं हवं त्याच्या निम्मंसुद्धा नाही. हिवाळ्यात अगदी बरोबर होतं. मग गेलं कुठे? चोरीलाच गेलं म्हणायचं."

"पण मी रोज देते हो!" काकू म्हणाल्या. "सकाळ-संध्याकाळ. सिरिंजने मोजून, भातात कालवून. वाटी चाटूनपुसून साफ होईपर्यंत मी समोर बसलेली असते."

फुटाणीला फेफरं येतं. त्यावर ब्रोमाइड नावाचं पाण्यासारखं पातळ औषध आहे, आणि ते सुरू केल्यापासून अख्खा हिवाळा एकदाही फेफरं आलं नव्हतं. होळी झाली आणि पुन्हा सुरू झालं. आता तर आठवडा कोरडा जात नव्हता.

"बाटली वेळेवर संपते?" डॉक्टरांनी विचारलं.

"अगदी वेळेवर."

"खाणं तेच ना? मी सांगितलं होतं, रोज तेच, तेवढंच, मीठबिठ काही बदलायचं नाही."

"तोच भात. वेगळा शिजवते, बिनमिठाचा."

डॉक्टरांनी फुटाणीच्या कानामागे खाजवलं आणि मग आमच्याकडे बघितलं. "खरं सांगते. अशी लागोपाठ येत राहिली, तर पुढचं फेफरं एवढ्याशा जिवाला झेपेलच असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. नवी सीलबंद बाटली देते. सोमवारपर्यंत बघू, नाहीतर डोस वाढवावा लागेल. पण कारण न कळता वाढवायला मला आवडत नाही. एवढ्या लहान कुत्रीला 'कमी' आणि 'जास्त' यांच्यात फार जागा नसते."

प्रफुल्लदादा इतका वेळ गप्प होता. तो पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, त्यामुळे बोलताना आधी हिशोब मांडतो आणि मग तोंड उघडतो.

"बाटली वेळेवर संपते," तो म्हणाला, "आणि औषध अंगात पोचत नाही. म्हणजे एकच शक्यता आहे, आई. घरातलं कोणीतरी बाटलीतलं औषध काढून त्यात पाणी भरतंय."

२

मी काजल. आता दहावीत जाणार. आमची गल्ली गिरणीच्या मागे आहे, आणि काकूंचं घर आमच्या घराला खेटून.

फुटाणी म्हणजे रंगाने आणि आकाराने भाजलेला फुटाणाच. अर्धी पामेरियन आहे, आणि शेजारचे प्रभाकरराव म्हणतात तशी उरलेली अर्धी नुसता आवाज.

तिच्या उपकारांचं माझ्यावर केवढं ओझं आहे ते सांगते. आठवीपर्यंत वर्गात उभं राहून धडा वाचायची वेळ आली की माझ्या घशातून हवा निघायची, शब्द नाही. पोरी खिदळायच्या. कोकिळाकाकू निवृत्त शिक्षिका. त्या मला रागावल्या नाहीत की 'धीट हो' असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी मला फुटाणीसमोर बसवलं आणि सांगितलं, "हिला वाचून दाखव. ही हसत नाही, चुका काढत नाही, आणि मध्येच उठून गेली तर समजायचं की धडा कंटाळवाणा आहे."

मग काय! मी तिला मराठीचे धडे वाचून दाखवले, भूगोल वाचून दाखवला, पेपरातल्या कापसाच्या भावाच्या बातम्या वाचून दाखवल्या. ती पुढच्या पायांवर हनुवटी टेकून ऐकायची. आणि यंदा जानेवारीत मी शाळेच्या स्नेहसंमेलनात भाषण केलं! माईक किंचाळला, तरी मी थांबले नाही! घरी येऊन पहिला पेढा फुटाणीला द्यायला गेले तर काकूंनी हात धरला. "तिचं बाहेरचं सगळं बंद. तू तिला बातमी दे, तेवढी पुरे."

तर ज्या जिवाने माझं दोन वर्षं निमूट ऐकून घेतलं, त्याच्यासाठी मी चार लोकांना चार प्रश्न विचारायचे नाहीत? मी ठरवलं, सोमवारच्या आत चोर धरायचा.

जुनी बाटली स्वयंपाकघराच्या ओट्यावर उघडीच असायची. तिच्यापर्यंत काकूंशिवाय तिघांचे हात पोचत होते. एक कांतामावशी, सकाळी धुणंभांडी करायला येतात. दुसरे प्रभाकरराव, रोज काकूंकडे पेपर वाचायला येतात आणि आत जाऊन स्वतःच्या हाताने माठातलं पाणी घेतात. आणि तिसरा प्रफुल्लदादा, घरूनच काम आहे म्हणून होळीपासून आईकडे मुक्कामाला.

तिसऱ्याचं नाव घेताना मलाच कसंतरी झालं.

३

कांतामावशी अंगणात भांडी घासत होत्या.

"काय वं पोट्टे, तूबी मलेच इचारून राह्यली? सकाळपासून तो प्रफुल माह्यावर डोये ठेवून बसला."

"मी सगळ्यांनाच विचारतेय, मावशी. तुम्ही कधी ती बाटली धुतली, सांडली, असं काही?"

"मी त्या बाटलीले हातबी लावत नाई. मले तर तिची पान्याची वाटी भरता भरता नाकी नऊ आले. जवा पाहा तवा रिकामी! अन् जितकं पेते तितकं अंगनात मुतून ठेवते. दिवसभर मी फरशी धूत राहू का?"

"उन्हाळा आहे ना पण."

"उनाळा काय मागच्या साली नोता का बाप्पा?" मावशींनी कढई आपटली. "तवा एक वाटी दिवसभर पुरे."

मी मान हलवली आणि पुढे निघाले. (हुशार माणसं इथे थांबली असती. मी नाही थांबले.)

प्रभाकरराव त्यांच्या गच्चीवर छत्री लावून बसले होते. ते दारूगोळ्याच्या डेपोतून निवृत्त झालेत आणि अजून पहाऱ्यावर असल्यासारखेच बसतात. मार्च ते मे म्हणजे आमच्या गल्लीत वाळवणाचे दिवस. आज एकीचे पापड, उद्या दुसरीच्या कुरडया, परवा तिसरीच्या मुगवड्या. सगळ्या बाया पाळीपाळीने एकमेकींच्या घरी लाटायला जातात. प्रभाकररावांची बायको गेली, तरी माझी आई आणि इतर बाया त्यांच्या वाटचेही पापड दरवर्षी करून देतात. गच्च्या एकमेकींना चिकटून आहेत आणि मधल्या कठड्यांच्या फटींतून फुटाणी आरामात जाते. त्यामुळे यंदापासून वाळवणाची राखण तिच्याकडे! कावळा बसला की ती या टोकाकडून त्या टोकाकडे भुंकत पळते, आणि माकडं आली तर गुरगुरते असं, की जणू वाघीण आहे.

"या, या वकीलसाहेब," प्रभाकरराव म्हणाले. "आता माही उलटतपासणी का?"

"काका, तुम्हाला फुटाणीचा राग येतो ना?"

"येते न. भोंगा आहे तो, कुत्रं नाई. गिरनीचा भोंगा बंद झाला अन् हा सुरू झाला."

"तुम्ही कधी तिच्या औषधाला हात लावला?"

"मले माह्या बीपीच्या गोळ्या आठवत नाई, अन् तिचं औषध कुठं पाहू?"

"तिला काही खायला दिलं?"

"मी? त्या भोंग्याले? कधीच नाई."

पण हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. वाळत घातलेल्या मुगवड्यांकडे बघत होते, आणि त्यांचे कान लाल झाले होते. हा माणूस काहीतरी लपवत होता, एवढं नक्की.

प्रफुल्लदादा लॅपटॉपसमोर होता. त्याला मी सरळच विचारलं.

"दादा, पुण्याला तुमच्या सोसायटीत कुत्री चालतात?"

"नाही."

"मग काकू तुमच्याकडे राहायला कधी येणार?"

"फुटाणी आहे तोवर नाही येणार म्हणते," तो म्हणाला आणि एकदम थांबला. मी त्याच्याकडे बघत होते. त्याने हळूच लॅपटॉप मिटला.

"काजल," तो म्हणाला, "तुला काय वाटतंय ते मला कळलं."

४

नवी बाटली कपाटात गेली. किल्ली काकूंच्या गळ्यातल्या दोऱ्यात. हे प्रफुल्लदादानेच सुचवलं. "किल्ली आईकडेच राहील. माझ्याकडेही नको," असं माझ्याकडे बघून म्हणाला. आता सील काकूंनी फोडायचं, काकूंनी मोजायचं, काकूंनी भात कालवायचा. कांतामावशींना दादाने सांगून टाकलं की काही दिवस आत यायचं नाही, बाहेरचीच भांडी घासायची.  त्या दिवशी मावशींनी फुटाणीची पाण्याची वाटी उंबऱ्यावरूनच आत सरकवली, आणि त्यांच्याकडे मला बघवलं नाही.

गल्लीतल्या बायांना, अगदी आईलाही, मी विचारून आले होते की फुटाणीला काही खायला दिलं का, आणि सगळ्या नाही म्हणाल्या होत्या. मी मनात म्हटलं, आता बघू. फेफरं थांबलं तर चोर या तिघांतला.

शनिवारी सकाळी मी काकूंकडेच होते. फुटाणी गच्चीवरून जिना उतरून आली, थेट वाटीकडे गेली आणि पाणी पीतच राहिली. शेवटचा थेंब चाटला. दोन पावलं टाकली, आणि कोणीतरी दोरी कापावी तशी आडवी झाली.

"काकू!"

तिचे पाय हवेत सायकल चालवल्यासारखे चालले होते. जबडा वाजत होता, तोंडातून फेस. डोळे उघडे होते आणि त्यांत आमच्यापैकी कोणी नव्हतं.

आरडाओरडा ऐकून प्रभाकरराव धावत आले, एका पायात चप्पल आणि दुसरी हातात. "चप्पल हुंगवा तिले! लवकर हुंगवा!"

"काही हुंगवायचं नाही," काकू म्हणाल्या. रडत होत्या, पण हुकूम शिक्षिकेचाच होता. "तोंडात हात घालायचा नाही, पाणी पाजायचं नाही. प्रफुल्ल, पडदा ओढ. काजल, ती खुर्ची बाजूला घे, डोकं आपटेल तिचं."

आम्ही तिला कुशीवर असू दिलं, डोक्याखाली टॉवेल सरकवला आणि वाट बघितली. यापेक्षा अवघड काम मी अजून केलेलं नाही. मग हळूहळू पाय थांबले. फुटाणीने एक लांब श्वास घेतला.

प्रभाकरराव भिंतीला टेकून उभे होते. दारात कांतामावशी पदर तोंडाला लावून. प्रफुल्लदादा पडद्याची दोरी हातात धरून तसाच. मी तिघांच्याही तोंडाकडे बघितलं, आणि माझा अख्खा तपास कोसळला.

औषध कुलपात होतं. हात काकूंचा होता. तिघांपैकी कोणीही त्या बाटलीजवळ फिरकलं नव्हतं.

आणि चोरी चालूच होती.

५

काकू उठल्या. गळ्यातला दोरा काढला, कपाट उघडलं आणि सिरिंज बाटलीत बुडवली.

"आई, काय करतेस?"

"आणखी देते. कमी पडतंय ना? मग दुप्पट देते. सोमवार येईपर्यंत ती राहिली नाही तर?"

प्रफुल्लदादाने कपाळावरचा घाम पुसला. "दे," तो म्हणाला. "वाढवणारच होत्या ना डॉक्टर."

"नको!"

हा माझा आवाज होता. एवढा मोठा, की मीच दचकले.

"काकू, नको. डॉक्टर म्हणाल्या होत्या, कारण कळल्याशिवाय वाढवायला त्यांना आवडत नाही. आणि आत्ता ती नीट शुद्धीवरपण नाही, तिच्या तोंडात काही घालू नका ना. श्वासात जाईल. मला थोडा वेळ द्या. जरासाच!"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. सिरिंज भरलेली होती. मग त्यांनी ती परत बाटलीत रिकामी केली आणि खाली बसल्या. माझ्यासारख्या पोरीचं ऐकून त्यांनी हात आवरला, याचे आभार मी कसे मानू ते मला अजूनही कळलेलं नाही.

मी ओलं फडकं घेऊन फुटाणीचं तोंड पुसायला लागले. फेस निघाला, पण मिशांना काहीतरी चिकटलेलं होतं, ते निघेना. पिवळसर, तेलकट, चिवट. नखाने काढलं. वास घेतला तर हिंग आणि मिरे. मग मी ते सरळ जिभेला लावलं.

"ईऽ काजल!" प्रफुल्लदादा ओरडला.

खारट. मीठ आणि पापडखार, दोन्ही जिभेला टोचणारे.

लाटी होती ती! पापड लाटायच्या आधी पीठ कुटून तेलाच्या हाताने त्याचे छोटे गोळे करतात ना, त्या लाट्या. आमच्याकडे त्या कच्च्याच खातात, आणि पापडांपेक्षा त्याच जास्त आवडीने.

माझ्या डोक्यात एकदम सगळं रांगेत उभं राहायला लागलं. फेफरं परत सुरू झालं होळीनंतर, म्हणजे वाळवणं सुरू झाली तेव्हा. पाण्याची वाटी सारखी रिकामी. अंगण सारखं ओलं. आणि डॉक्टरांनी औषधाबद्दल विचारता विचारता मध्येच मिठाबद्दल का विचारलं होतं?

"दादा, डॉक्टरांना फोन लावा. आणि स्पीकरवर ठेवा."

फोन लागला. आधी प्रफुल्लदादाने फेफऱ्याचं सांगितलं, मग मी विचारलं, "मॅडम, फुटाणीला मीठ बदलायचं नाही असं तुम्ही का म्हणाला होता?"

 पलीकडून डॉक्टरांचा आवाज आला, अगदी वेगळा.

"काजल, तिला मीठ कोणी दिलं?"

६

"नीट ऐका," डॉक्टर म्हणाल्या. "हे औषध आणि मीठ, शरीराच्या दृष्टीने जवळजवळ भावंडं आहेत. शरीराला त्यांच्यात फरक कळत नाही. अंगात मीठ जास्त झालं की किडनी ते बाहेर टाकायला लागते, आणि त्याच्यासोबत औषधही टाकते. खूप पाणी प्यायची ना? खूप लघवी करायची ना?"

दारातून कांतामावशी म्हणाल्या, "मी तेच त सांगून राह्यली होती!"

"म्हणजे मी इकडून औषध घालतेय," काकू हळूच म्हणाल्या, "आणि ते तिकडून वाहून जातंय."

"तेच. बाटलीत पाणी कोणीच घातलं नाही. आणि बरं झालं, तुम्ही आपल्या मनाने डोस वाढवला नाही. मीही सोमवारी वाढवला असता! मग वाळवणं संपली असती, मीठ थांबलं असतं, आणि ते वाढलेलं औषध तिच्या अंगात साचत गेलं असतं. मागचे पाय लटपटले असते, झोपेतून उठली नसती. आणि आपल्याला वाटलं असतं आजारच बळावला, म्हणून आणखी वाढवलं असतं."

 प्रफुल्लदादाने आईच्या खांद्यावर हात ठेवला.

"तिला आत्ताच घेऊन या," डॉक्टर म्हणाल्या. "आणि ते मीठ कुठून येतं ते शोधा."

काकू आणि दादा फुटाणीला घेऊन गेले. मी धावत आमच्या गच्चीवर गेले. त्या दिवशी आमचेच पापड होते. पोळपाटांभोवती आई, सुलोचनाबाई आणि गल्लीतल्या आणखी बाया बसल्या होत्या.

मी दम घेतला. आठवडाभर मी एकच प्रश्न विचारत होते: फुटाणीला काही खायला दिलं का? सगळे नाही म्हणत होते, आणि मला आता खात्री होती की बाया तरी खरंच बोलत होत्या. चूक माझ्या प्रश्नात होती.

"आई, फुटाणी दिवसभर कावळे हाकलते. तिला मजुरी काय मिळते?"

आई हसली. "एक लाटी. आनखी काय देनार?"

"मीबी एकच देतो वं," सुलोचनाबाई म्हणाल्या. "दोन पायावर उभी राह्यते बिचारी."

"एकच," तिसरी म्हणाली.

"एकच," चौथी.

एकेकीचा चेहरा बदलत गेला. रोज कोणाचं ना कोणाचं वाळवण, आणि प्रत्येकीच्या हातची एकच.

"पन तू त इचारलं होतं, खायाले देल्लं का म्हनून," आई गोंधळून म्हणाली. "लाटी म्हनजे काय खानं असते का? आपन बाया दिवसभर लाट्या तोंडात टाकतो, अन् दुपारी म्हनतो, सकाळपासून पोटात काई नाई!"

हे अगदी खरं आहे. आमच्या गल्लीत लाटी ही जेवणात धरतच नाहीत. 'बाहेरचं खाणं बंद' हा काकूंचा नियम सगळ्यांनी जिवापाड पाळला होता. मटणाचं हाड दिलं नव्हतं, पोळीचा तुकडा दिला नव्हता, बिस्किट दिलं नव्हतं. आणि लाटी कोणाच्या मोजण्यातच नव्हती.

कठड्यापलीकडे कोणीतरी खाकरलं. प्रभाकरराव.

"माह्या वाट्याच्या लाट्यांतल्या दोन राहत," ते म्हणाले. "सकाळी एक, अन् ती जाताना एक. अन् कधी मुगवडी."

"तुम्ही? भोंग्याले?" आई म्हणाली.

"आता काय सांगू," प्रभाकरराव खाली बघत म्हणाले. "घरात दुसरं आहे कोन, माह्या हातचं खानारं?"

यावर हसणारी एकही बाई नव्हती.

७

फुटाणी त्या दिवसापासून गच्चीवर गेली नाही. डॉक्टरांनी डोस वाढवला नाही. मीठ पूर्ण बंद, आणि अंगातलं औषध पुन्हा भरेपर्यंत फेफरं आवरायला थोडे दिवस दुसरी एक गोळी. "ती जास्त पेंगली, मागचे पाय अडखळले, तर लगेच फोन करायचा," असंही त्यांनी बजावलं.

गोळी देणं मला काकूंनी शिकवलं. एका हाताने वरचा जबडा वरून धरायचा, दुसऱ्याने खालचा हलकेच उघडून गोळी जिभेवर अगदी मागे ठेवायची. तोंड मिटवून गळा चोळायचा, आणि तिने नाक चाटलं की समजायचं, गिळली. मग सिरिंजने थोडं पाणी गालाच्या बाजूने. समोरून सोडलं तर श्वासात जातं. पहिल्या दिवशी तिने गोळी गालात दडवली आणि माझी पाठ वळताच फरशीवर ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी मी तिच्या नाकाला नाक लावून बसले. चाटलं! मला वर्गात पहिला नंबर आल्यावरसुद्धा एवढा आनंद झाला नव्हता.

प्रफुल्लदादा कांतामावशींच्या घरी गेला. मी सोबत होते.

"मावशी, माझं चुकलं," तो म्हणाला. "मी तुमच्यावर संशय घेतला. आणि खरं काय ते तुम्हीच पहिल्या दिवशी सांगत होता."

मावशींनी त्याला बराच वेळ तसंच उभं ठेवलं. मग म्हणाल्या, "तुह्यावर राग नाई म्हनू त खोटं होईन. पन कुत्र्यासाठी इतका हिंडून राह्यला तू, मायसाठीबी हिंडजो असाच." आणि आत जाऊन चहा ठेवला.

काकूही घरोघर गेल्या, पण रागवायला नाही. गल्लीतल्या बाया शरमेने अर्ध्या झाल्या होत्या. काकू प्रत्येकीच्या दारात उभ्या राहून एकच सांगत होत्या, "तुम्ही माझ्या फुटाणीला आपल्या हातचं देत होता. मला वाटायचं, मी एकटीच तिला सांभाळते. आभारी आहे. आता फक्त विचारून द्या." प्रभाकररावांकडे त्या सगळ्यात जास्त वेळ थांबल्या. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळचा बिनमिठाचा भात प्रभाकरराव कालवायला लागले. औषध काकू मोजणार, कालवणार ते, आणि वाटी साफ होईपर्यंत दोघंही समोर बसणार.

शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात दुसरा रिपोर्ट यायचा होता. तोवर एकही फेफरं आलं नव्हतं, तरी त्या दुपारी आम्ही सगळे काकूंच्या बैठकीत फोनकडे बघत बसलो होतो. काकू, प्रभाकरराव, कांतामावशी, आई, मी. प्रफुल्लदादा पुण्याला परतला होता आणि व्हिडिओ कॉलवर होता. तो कुत्री चालतील असं घर शोधत होता. फुटाणी गार फरशीवर पसरून झोपली होती.

फोन वाजला. काकूंनी स्पीकर लावला.

"सापडलं तुमचं औषध," डॉक्टर म्हणाल्या. "जेवढं हवं, बरोबर तेवढं. डोस आहे तोच ठेवा."

आई टाळी वाजवणार, तेवढ्यात फुटाणीचे पाय हलायला लागले.

आधी एक, मग चारही. ओठ थरथरले. घशातून बारीक आवाज आला. आम्ही सगळे एकदम उभे राहिलो.  काकू तिच्याजवळ गुडघ्यांवर बसल्या, पण हात लावला नाही.

"फुटाणी," त्यांनी हाक मारली. "फुटाणी, बाळा."

एक कान उभा राहिला. मग एक डोळा उघडला. त्या डोळ्याने तिने आम्हा सगळ्यांना एकेक करून नीट ओळखलं, आणि हे काय लावलंय अशा नजरेने बघून, कूस बदलून पुन्हा झोपली.

स्वप्न पडलं होतं तिला. नुसतं स्वप्न!

काकू तिथेच बसून रडायला लागल्या. मावशी रडायला लागल्या. मी हसत होते की रडत होते, मलाच कळत नव्हतं. फोनमधून प्रफुल्लदादा ओरडत होता, "काय झालं? कोणी सांगेल का काय झालं?"

"हळू बोल रे बाबा!" प्रभाकररावांनी फोन छातीशी दाबून धरला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांचा आवाज कुजबुजीपेक्षाही लहान झाला होता. "झोपू दे तिले. चला, समदे बाहेर चला."

आणि आम्ही सगळे, हसू दाबत, चपला हातात घेऊन, भर उन्हात अंगणात येऊन उभे राहिलो.